उंबरठ्यावरची ओल

सुरतेत आम्ही घर घेतलं तेव्हा त्याला उंबरठा नव्हता. बमरोलीतल्या आमच्या ओळीत कुठल्याच घराला नव्हता. बिल्डरने दारात काळ्या दगडाची एक पट्टी बसवली होती, ती फरशीशी इतकी बरोबरीत की पायाला कळायचीही नाही. नव्या घरात पाऊल टाकायच्या दिवशी सासूबाई पिशवी हातात धरून बाहेरच उभ्या राहिल्या. "आखाजीले बोटं कोठे लावू?" एवढंच त्यांनी विचारलं.

खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. त्या दिवशी सकाळी उंबरठा धुऊन पुजायचा आणि घरातल्या गेलेल्या माणसांची एकेकाची आठवण काढत कुंकवाचं एकेक बोट त्यावर उमटवायचं. मग पाण्याने भरलेली घागर पुजायची, तिच्यावर सांजोऱ्या आणि आंबे ठेवायचे. त्या दिवशी पितर जेवायला येतात. दारात आपली खूण नसेल तर एवढ्या मोठ्या सुरतेत त्यांनी घर ओळखायचं कसं, हा सासूबाईंचा प्रश्न होता.

सासऱ्यांनी वाद घातला नाही. त्यांनी सासूबाईंशी वाद घातलेला मी कधीच पाहिला नाही, ते सरळ कामाला लागायचे. त्याच दुपारी ते वखारीत गेले, सागाची जाड फळी निवडून आणली, सुतार आणला आणि दिवेलागणीच्या आत दाराला उंबरठा झाला. चांगला चार बोटं उंच. पहिल्या आठवड्यात घरातला प्रत्येक जण त्याला अडखळला, मी तर दुधाच्या पातेल्यासकट. दोन वर्षांनी सासरे याच घरात गेले. तेव्हापासून त्यांच्या नावाचं बोट त्यांनीच बसवलेल्या उंबरठ्यावर लागायला लागलं.

हे आधी सांगितलं, कारण पुढे कुत्र्याने पाय वर केला तो नेमका याच उंबरठ्यावर.

कुत्रा मुलीने आणला. कॉलेजातून येताना ओढणीत गुंडाळून घेऊन आली. तपकिरी रंग, एक कान उभा, दुसरा पडका, आणि पोट मात्र लग्नघरी जेवून आल्यासारखं फुगलेलं. त्याचं नाव इथे लिहीत नाही. इतकं साधं आहे की त्या नावाने हाक मारली तर गल्लीतली आणखी तीन कुत्री येतात. दोन दिवस ठेवू असं म्हणून तो राहिला, आणि घरात दोन दिवस म्हणून राहिलेलं कोण कधी गेलंय?

मी घरी साड्यांचं फॉल-पिकोचं काम करते. मुलगी पुढे इच्छापोरला एका कंपनीत नोकरीला लागली, ती सकाळी सातला निघायची. नवऱ्याची मिलमधली ड्यूटी बारा तासांची. दिवसभर घरात मी, मशीन आणि सासूबाई. सासूबाईंचं आणि माझं भांडण नव्हतं, पण बोलणंही फार नव्हतं. माझं माहेर जळगाव शहरातलं, मी शाळेतली मराठी बोलणारी. त्यांची अहिराणी. मी "माय, तुम्ही जेवून घ्या" म्हटलं की त्यांना त्यात ऐट दिसायची, आणि त्या काही बोलल्या की मला त्यात टोमणा ऐकू यायचा. वीस वर्षांत आम्ही एकमेकींना इजा न करता वावरायला शिकलो होतो, एवढंच.

कुत्रा माझ्या डाव्या पायावर हनुवटी ठेवून झोपायचा. उजवा पाय पेडलवर असतो हे त्याने पहिल्या आठवड्यातच ओळखलं होतं. मशीन थांबलं की तो डोळे उघडून वर बघायचा, सुरू झालं की पुन्हा मिटायचा. मी थांबले की कोणीतरी वर बघतं, हे मला त्याच्या आधी कधी मिळालं नव्हतं. म्हणून पुढचं सगळं मी इतकं मनावर घेतलं.

वर्षाचा झाला आणि त्याचं ते सुरू झालं. पहिल्यांदा माझ्या मशीनचा पाय. मला वाटलं पाणी सांडलं. मग फ्रीजचा कोपरा, मग सासूबाईंच्या खाटेचा पाय. पिल्लासारखं नाइलाजाने मोकळं होणं नव्हतं ते. बाहेरून सगळं उरकून यायचा आणि घरात शिरल्यावर दोन चमचे, मोजून. तंगडी वर, चेहऱ्यावर कमालीचा गंभीर भाव, आणि काम झाल्यावर आमच्याकडे असा बघायचा की जणू आमचंच एखादं राहिलेलं काम त्याने करून दिलं. शेवटी त्याने उंबरठा निवडला आणि बाकीच्या जागा जवळजवळ सोडल्या. उंबरठ्यावर रोज, कधी दिवसातून चारदा.

आम्ही काय काय केलं ते आठवलं की आता हसू येतं. नवऱ्याने जुन्या साड्यांच्या पुठ्ठ्याची गुंडाळी करून जमिनीवर आपटून पाहिली. कुत्र्याने ती गुंडाळी पळवली. समोरच्या बाईने सांगितलं म्हणून मी बाटलीत पाणी भरून त्यात कुंकू कालवलं आणि दारात ठेवली. लाल पाण्याच्या बाटलीजवळ कुत्री येत नाहीत असं आमच्या सगळ्या गल्लीचं मत आहे. आमच्याने बाटलीवरच पाय वर केला. तिखट भुरभुरलं तर तो शिंकला आणि त्याच्याहून जास्त मी शिंकले. मग फिनेल. सकाळ-संध्याकाळ फिनेल, घराला सरकारी दवाखान्याचा वास येईपर्यंत.

आणि या सगळ्यावर शेवटचा हात सासूबाईंचा. मागच्या गल्लीत एका भरवाडाचा तबेला आहे, दहा-बारा गाई. सासूबाई रोज सकाळी अंघोळ करून तिथे जायच्या आणि प्लास्टिकच्या बाटलीत ताजं गोमूत्र घेऊन यायच्या. पूर्वी ते घरात एकदा शिंपडलं की झालं. आता कुत्र्याने उंबरठा विटाळला की मी फडक्याने पुसायची, वर फिनेल टाकायची, आणि सासूबाई येऊन वर गोमूत्र शिंपडायच्या, तोंडाने काहीतरी पुटपुटत, फळी चांगली भिजेपर्यंत. कुत्रा लांब बसून हे लक्षपूर्वक बघायचा. आम्ही दोघी आत वळलो की उठायचा, वास घ्यायचा आणि पाय वर करायचा. मी त्याला निर्लज्ज म्हणायची.

पाडव्याच्या दिवशी कळस झाला. दाराशी गुढी उभी केली होती. नैवेद्य दाखवून वळतो न वळतो तोच त्याने उंबरठ्यावर आणि गुढीच्या पाटावर एका दमात काम उरकलं. सासूबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नवऱ्याला बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आखाजीले हाऊ घरमा नको. त्या येतीन, आनि दारमा हाई दखतीन का?"

अहिराणीत त्या म्हणजे ते, सासरे: ते जेवायला येतील आणि दारात हे बघतील का? नवऱ्याने मान हलवली. आखाजीला महिना उरला होता.

आठवडाभरात त्याने सोय लावली. त्याच्या मिलमधल्या एकाच्या मेहुण्याचा कडोदऱ्याला लूमचा कारखाना आहे, त्याला आवारात बांधायला कुत्रा हवा होता. आखाजीच्या आदल्या दिवशी त्याचा टेम्पो कापडाचे ताके घेऊन सुरतेत येणार होता, जाताना कुत्र्याला घेऊन जाईल. "जेवण मिळेल, जागा मोठी आहे," नवरा म्हणाला. मी विचारलं, मोकळा राहील का. तो म्हणाला, साखळी लांब असते. लूमच्या खडखडाटात माणसाला माणसाचं ऐकू येत नाही, तिथे दिवसभर साखळीला. मी दोन दिवस भाजी अळणी केली. मुद्दाम. नवऱ्याने न बोलता वरून मीठ घेतलं, यावरून त्यालाही कळलं होतं असं मी धरून चालले.

मुलगी म्हणाली, "मम्मी, पहले डॉक्टर को तो दिखाओ." आम्ही त्याला पांडेसऱ्याला जनावरांच्या डॉक्टरबेनकडे नेलं. मध्यम वयाची, घाईत नसलेली बाई. तिने आधी लघवी तपासली, काही आजार नाही ना ते पाहिलं. नव्हता. मग विचारलं, कुठे करतो, कधी करतो, केल्यावर तुम्ही काय करता. मी सगळं क्रमाने सांगितलं. फडकं, फिनेल, आणि मग सासूबाईंचं गोमूत्र.

तिचा पेन थांबला. "रोज? ताजं?"

"रोज. ताजं."

ती हसली. कुचेष्टेने नाही, पण पोटातून हसली. "आ तो तमे पोते ज एने बोलावो छो," म्हणाली. हे तर तुम्ही स्वतःच त्याला बोलावताय.

मग तिने समजावून सांगितलं. कुत्र्याला नाकाने वाचता येतं. रोज सकाळी त्याच्या दारात एक परकं जनावर येऊन सही करून जातं असं त्याला वाटतं, आणि त्या सहीवर आपली सही केली नाही तर घर गेलं. आम्ही ती पुसतो, वर फिनेल टाकतो, पण माणसाला फिनेलच्या वासाने जे झाकलं गेलं असं वाटतं ते त्याच्या नाकाला तसंच खाली लागतं. शिवाय लाकूड. लाकूड पितं. त्या फळीने वर्षभराचं सगळं पिऊन ठेवलं होतं, त्याचंही आणि गाईचंही. नसबंदी करून घ्या, म्हणाली, तरुण नर आहे, त्याने बराच फरक पडेल, पण लगेच नाही, महिना-दोन महिने धरा. वास मुळापासून मोडणारं एक औषध दिलं, त्याने फळी चार-पाच दिवस धुवायची, वाळवायची आणि वर पॉलिश मारून तिची तहान बंद करायची. त्याला मारायचं नाही, ओरडायचं नाही. बाहेर जास्त फिरवायचं, तिथे पाहिजे तेवढ्या सह्या करू द्यायच्या. तोवर घरात पोटाला कापडी पट्टा बांधायचा. आणि गोमूत्र बंद.

रिक्षात बसल्यापासून मी आनंदात होते. आनंद कुत्रा वाचेल याचा होता, हे खरं. पण त्यात दुसरंही काही होतं आणि ते मी लपवणार नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा सासूबाईंविरुद्ध माझ्या हातात डॉक्टरचा कागद होता.

त्या ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. शेजारची बाई समोर बसली होती. मी रिक्षातून उतरले ती तशीच त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. रागावले की माझी मोडकीतोडकी अहिराणी पळून जाते आणि पुस्तकातली मराठी येते, ती आली. "माय, घर कुत्रा घाण करत नाही. तुम्ही करताय. रोज सकाळी बाटली भरून जनावराचं मूत आणता आणि दारात ओतता, म्हणून तो तिथे मुततो. डॉक्टरनेच सांगितलंय."

गोमूत्राला मी मूत म्हटलं. शेजारच्या बाईने ओठ दाबून दुसरीकडे बघितलं. सासूबाईंनी हातातली पाकळी सोलली, मग ताटलीत उरलेल्या तीन-चार सोलल्या, सालं गोळा केली आणि उठून आत गेल्या. उंबरठा ओलांडताना त्यांनी दाराच्या चौकटीला हात लावला. एरवी त्या कशालाही न धरता चालायच्या.

दुसऱ्या दिवसापासून बाटली दिसली नाही. सासूबाईंचं सकाळी बाहेर जाणंही थांबलं. अंघोळ करून त्या खाटेवर बसायच्या आणि भिंतीकडे बघत माळ ओढायच्या. माझ्याशी बोलायच्या, पण कामापुरतं. नवऱ्याने ऑपरेशनला थोडी कुरकुर केली. नर आहे, त्याला असं कशाला, वगैरे. मी म्हटलं, तुम्हाला नाही करायचं, त्याला करायचंय. मुलगी हसली आणि तो विषय संपला. ऑपरेशन झालं, जखम भरली. मी फळी औषधाने धुतली, पाच दिवस वाळवली, सुताराने पॉलिशचे दोन हात मारले. पोटपट्टा मी घरीच शिवला, फॉलच्या उरलेल्या सुती पट्ट्यांचा, आत जुना टॉवेल. गुलाबी, कारण त्या आठवड्यात गुलाबी पट्ट्याच उरल्या होत्या. गुलाबी पट्टा बांधून तो गल्लीत निघाला तेव्हा ज्यांना आयुष्यात त्याच्याकडे बघायची फुरसत झाली नव्हती तेही दारात आले.

आणि फरक पडला. रोज चारदाचं एकदा झालं, मग दोन दिवसांतून एकदा. उंबरठ्याजवळ जायचा, वास घ्यायचा, काहीच नसायचं, गोंधळून परत यायचा. आखाजीला बारा दिवस उरले होते आणि मी जिंकत होते. पण जिंकण्याची चव काही लागेना. घरात एक माणूस भिंतीकडे तोंड करून बसलेलं होतं.

एका सकाळी मी कुत्र्याला घेऊन मागच्या गल्लीतून जात होते. तबेल्यासमोर भरवाडाची बायको शेणाच्या पाट्या उचलत होती. तिने मला थांबवलं. "बा केम नथी आवता हमणां?" आजी हल्ली का येत नाहीत? बरं नाही का? मी म्हटलं, बरं आहे, आता बाटली लागत नाही. ती म्हणाली, बाटली तर शेवटी भरायच्या, घाईघाईत. आधी अर्धा तास त्या तांबड्या गाईपाशी बसायच्या. तिच्या गळ्याखाली खाजवत तुमच्या भाषेत बोलायच्या. काय बोलायच्या ते आम्हाला कळायचं नाही, पण गाय ऐकायची. तिने हाताने दाखवलं. कोपऱ्यात एक तांबडी गाय उभी होती आणि तिच्या शेजारी एक उलटी ठेवलेली पाटी होती, माणसाला बसता येईल अशी.

गावाकडचं आवरून सासू-सासरे सुरतेला आले तेव्हा दोन गाई विकून आले होते, हे मला माहीत होतं. घरातलं सामान कोणाला दिलं, भांडी कोणाला दिली, त्याच यादीत ते माझ्या डोक्यात होतं. त्या गाई कोणत्या रंगाच्या होत्या हे मी वीस वर्षांत विचारलं नव्हतं. सुरतेत सासूबाई एकट्याने जाऊन बसतील अशी एकच जागा होती, आणि तिथे जायचं निमित्त म्हणजे ती बाटली. घरातल्या मोठ्या बाईने गाईशी गप्पा मारायला जाते असं कसं सांगायचं? गोमूत्र आणायला जाते असं सांगता येतं. ते निमित्त मी शेजारणीसमोर तुडवलं होतं. मला त्या रस्त्यात उभ्या उभ्या माझीच लाज वाटली. कुत्र्याने तबेल्याच्या खांबावर पाय वर केला आणि मी त्याला थांबवलं नाही.

माफी मागायची तर आमच्याकडे तशी पद्धतच नाही. सून-सासू चुकतात, भांडतात, आणि मग एक दिवस एक जण दुसरीच्या आवडीची भाजी करते. मी भाजी केली, त्या जेवल्या, पण काही सुटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोटं बोलले. लग्नसराईच्या साड्यांचा ढीग पडलाय, मला वेळ नाही, कुत्र्याला बाहेर न्यायला कोणी नाही. आणि दोराचं टोक त्यांच्यासमोर धरलं.

त्यांनी दोराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "माले कुत्रावाली करस का?"

"मागच्या गल्लीपर्यंतच," मी म्हटलं. "तबेल्यापर्यंत."

त्यांनी हात पुढे केला नाही. मला वाटलं, झालं, हेही बिघडवलं मी. मग त्यांनी पदर खोचला, चपला घातल्या आणि दोर घेतला, म्हशीचा घ्यावा तसा, मनगटाला एक वेढा देऊन. कुत्रा इतका चकित झाला की पहिली दहा पावलं त्यांच्या बरोबरीने सरळ चालत गेला.

तासाभराने आले. कुत्र्याची जीभ लोंबत होती. गल्लीतले सगळे खांब, तबेल्याचे सगळे कोपरे करून तो रिकामा झाला होता. सासूबाईंनी बाहेर नळावर हातपाय धुतले. हातात बाटली नव्हती.

"माय," मी म्हटलं, "त्या दिवशी मी वाईट बोलले."

"बोलनी ते बोलनी." त्या पाय पुसत होत्या. "खरं व्हतं ना?"

"खरं होतं. पण तसं बोलायला नको होतं."

"मंग," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या मंगचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही. पण संध्याकाळी पोटपट्टा सैल झाला होता तो त्यांनी स्वतः आवळून बांधला आणि कुत्र्याला म्हणाल्या, उभा राय ना बा.

मग रोजचंच झालं. पहाटे अंघोळ, मग कुत्रा, मग तबेला. परत आल्यावर त्या मला गाईची बातमी द्यायच्या. तांबडीने आज खाल्लं नाही, तांबडी गाभण आहे. आमच्याकडची एक अशीच होती, हे त्यांनी मला चौथ्या की पाचव्या दिवशी सांगितलं, आणि मग त्या गाईबद्दल इतकं सांगितलं की माझ्या तीन साड्या राहून गेल्या.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी टेम्पो आला. खरं सांगते, त्याला नको म्हणून कळवायचं नवऱ्याच्या लक्षातच राहिलं नव्हतं, किंवा आईने स्वतःहून शब्द फिरवल्याशिवाय कळवायची त्याची छाती झाली नव्हती. टेम्पोवाला दारात उभा. सकाळीच कुत्र्याने, तब्बल पाच दिवसांनी, फ्रीजच्या कोपऱ्यात दोन थेंब टाकले होते, ते मी गुपचूप पुसले होते. मी मशीनवरून उठले नाही. पाय पेडलवर होता, पण मशीन चालत नव्हतं. नवऱ्याने आईकडे बघितलं.

"त्याले सांग, कुत्रा काममा शे," सासूबाई कुरडया मोडत म्हणाल्या. "सकायले माले तबेलामा लई जास."

कुत्रा कामावर आहे, सकाळी मला तबेल्यात घेऊन जातो, यातलं टेम्पोवाल्याला काही कळलं नाही. नवऱ्याने त्याला चहा पाजून पाठवला. मी मशीन सुरू केलं आणि मला शिवण दिसेना, डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी आखाजी. उंबरठा मी धुतला. सासूबाई कुंकवाची वाटी, तांब्या घेऊन बसल्या. दर वर्षी या वेळी त्या आधी गोमूत्र शिंपडायच्या. त्यांचा हात नेहमीसारखा बाजूला गेला, तिथे बाटली नव्हती. त्यांनी मान वर करून मला विचारलं, "माले सांग, आते काय शिंपडू?"

त्यात टोमणा नव्हता. खरंच विचारत होत्या. ज्या गोष्टीत आयुष्यभर कोणी त्यांना शिकवलं नव्हतं त्यात त्या मला विचारत होत्या. त्यांनी थोडी वाट बघितली, मग घागरीतलं पाणी ओंजळीत घेऊन शिंपडलं. कुत्रा शेजारी येऊन बसला होता. त्याचा दोर त्यांनी गुडघ्याखाली दाबून धरला आणि बोटं लावायला सुरुवात केली. एकेक नाव, एकेक बोट. सासऱ्यांच्या नावाशी त्या थोड्या थांबल्या. कुत्र्याने पाय वर केला नाही.

याला आता बरीच वर्षं झाली. सासूबाई गेल्या थंडीत गेल्या. शेवटचे दोन महिने त्यांना उठवत नव्हतं, तेव्हा कुत्र्याला मी तबेल्यापर्यंत न्यायची आणि आल्यावर तांबडीच्या वासरीची बातमी द्यायची. बातमी नसली तर बनवून द्यायची.

यंदाच्या आखाजीला सकाळी मी एकटी तबेल्यात गेले. भरवाडाच्या बायकोने माझ्या हातातली प्लास्टिकची बाटली बघितली आणि काही न विचारता भरून दिली. मुलगी सासरहून आली होती. तिने बाटली बघून भुवया उंचावल्या. उंबरठा धुतला आणि मी गोमूत्र शिंपडलं, त्या शिंपडायच्या तसं, फळी भिजेपर्यंत.

कुत्रा आता म्हातारा झालाय, तोंड पांढरं पडलंय. तो कोपऱ्यातून उठून आला. बराच वेळ वास घेत राहिला. मग चौकटीला अंग टेकवून, मागचा पाय जेमतेम उचलून, त्याने उंबरठ्यावर थोडंसं केलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

नवरा फडकं आणायला उठला. "राहू द्या," मी म्हटलं. मीच बोलावलं होतं त्याला, डॉक्टरबेनने तेव्हाच सांगितलं होतं. मी उंबरठा पुसला, धुतला, कोरडा केला. मग बाटलीत उरलेलं पुन्हा शिंपडलं आणि दोर गुडघ्याखाली दाबून कुंकवात बोट बुडवलं. एकेक नाव घेत गेले. सासऱ्यांचं झालं. सर्वांत शेवटी सासूबाईंचं. त्यांच्या नावाचं बोट उमटवताना माझा तोल गेला आणि दोर गुडघ्याखालून सुटला. कुत्र्याने ते बघितलं. मग त्याने माझ्या डाव्या पायावर हनुवटी ठेवली आणि डोळे मिटले.